सुरगाण्यावरून युगांडाला: परदेशी विकासकामात शिरू पाहणाऱ्यांसाठी

युगांडाच्या वायव्य कोपऱ्यात यूंबे नावाचा जिल्हा आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये तिथे बिडीबिडी ही निर्वासितांची वस्ती सुरू झाली आणि काही महिन्यांत दक्षिण सुदानमधून अडीच लाखांवर माणसं तिथे येऊन राहिली. सुरुवातीला बरंचसं पाणी टँकरनंच यायचं. मी कामाला गेले त्या पहिल्या सकाळी नळकोंडाळ्यापाशी वीस-वीस लिटरच्या पिवळ्या जेरीकॅनची लांबलचक रांग होती आणि जवळ चिटपाखरू नव्हतं. बरोबरचा सहकारी वहीत लिहायला लागला: "प्रतीक्षेत कुणी नाही." मला हसू आवरेना. हीच रांग मी नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यात बाऱ्ह्याकडच्या पाड्यांवर हंड्यांची पाहिली होती. रांगेत हंडा उभा असतो, बाई झाडाखाली बसलेली असते. नंबर हंड्याचा असतो. तेव्हा मोजायचे ते डबे, आणि विचारायचं ते "शेवटचा डबा किती वाजता भरला?"

हे मला कुठल्या विद्यापीठानं शिकवलं नव्हतं. आता मी पुन्हा नाशिकलाच राहते आणि वर्षातून तीन-चारदा कामासाठी बाहेर जाते. सुट्टीच्या दिवशी कुणी ना कुणी घरी येतं आणि चहाचा कप हातात घ्यायच्या आत विचारतं, "ताई, यूएनमध्ये कसं लागायचं?" मी सुरगाण्यापासून सुरुवात केली की समोरचा चेहरा पडतो. तरी मी तिथूनच सुरू करते. पण त्याच्याही आधी एक पायरी आहे.

पहिली पायरी: फिरायचंय की काम करायचंय?

दोन्ही होईल, पण समसमान होणार नाही. बाहेरून हे आयुष्य फार भटकं दिसतं. प्रत्यक्षात तुम्ही एका कुंपणाच्या आत राहता, अंधार पडायच्या आत परतायचं असतं आणि गाडी कुठे जाणार हे सुरक्षा अधिकारी ठरवतो. कंपालाहून आमच्याकडे येणारा रस्ता मर्चिसन धबधब्याच्या राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूनं जातो. त्या रस्त्यानं मी किती वेळा गेले याचा हिशेब नाही. धबधबा पाहिला एकदाच, तोही सुट्टी काढून.

संयुक्त राष्ट्रांच्या, म्हणजे यूएनच्या, नोकऱ्यांत ठिकाणांची प्रतवारी असते. 'ए' ते 'ई' असे खडतरपणाचे दर्जे असतात, आणि काही ठिकाणी कुटुंब सोबत नेताच येत नाही. अशा जागी दर काही आठवड्यांनी सक्तीची विश्रांती मिळते. ही सोय ऐकायला छान वाटते. ती का द्यावी लागते याचा मात्र आधी विचार करा.

फिरण्याचीच ओढ असेल तर त्यात गैर काही नाही. कमवा आणि फिरा. नेपाळ आणि भूतानला आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. आधारकार्डाच्या भरवशावर मात्र निघू नका. पण "फिरता फिरता थोडी समाजसेवा" असल्या सहलींपासून लांब राहा. पैसे भरून पंधरा दिवस अनाथाश्रमात शिकवायला जाण्याचा धंदा नेपाळ, कंबोडियात इतका फोफावला की आईबाप असलेली मुलंही पाहुण्यांसाठी "अनाथ" म्हणून ठेवली गेली. पंधरा दिवसांत तुम्ही त्या मुलाला काय देणार? लळा लावून निघून याल एवढंच.

दुसरी पायरी: एक हुन्नर पकडा

"मला लोकांसाठी काहीतरी करायचंय" हा स्वभाव झाला. त्याला पगार नाही. परदेशी माणूस विमानाचं तिकीट काढून बोलवायचा तर त्याला असं काहीतरी यावं लागतं जे तिथे सहज मिळत नाही. मागणी असते ती पाणी आणि स्वच्छता, सार्वजनिक आरोग्य, पोषण, शेती आणि बाजारसाखळी, हिशेब, खरेदी आणि गोदाम, आणि कामाचं मोजमाप यांना. या मोजमापाला सगळे "एम अँड ई" म्हणतात.

एक सांगते, जे सामाजिक कार्याच्या पदवीधरांना आवडत नाही: टॅली, ताळेबंद आणि देणगीदाराचे नियम पक्के असलेला हिशेबनीस या क्षेत्रात आमच्यापेक्षा लवकर बाहेर जातो. गोदाम सांभाळणाराही तसाच.

आणि नाशिककरांनो, तुमच्या अंगणात जे आहे ते आधी पाहा. २०१० साली क्लोरमेक्वाट या संजीवकाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. त्या धड्यानंतर उर्वरित अंशाची तपासणी, फवारणीच्या नोंदी, ग्लोबलगॅप हे शेतमालाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र हे निफाड-दिंडोरीच्या बागाईतदाराच्या बोलण्यातले शब्द झाले. मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी कशी चालते ते पाहायला लांबलांबून लोक येतात. लहान शेतकऱ्याचा माल परदेशी बाजाराच्या अटींत कसा बसवायचा हाच प्रश्न केनियात शेंगा पिकवणाऱ्यालाही पडलेला आहे. ज्या पोरानं चार वर्षं पॅकहाउसमध्ये नोंदी ठेवल्या आहेत त्याला आपण "विकासक्षेत्रा"त आहोत हे माहीतच नसतं.

तिसरी पायरी: दोन-तीन वर्षं घराजवळच्या अवघड भागात

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सगळं इथेच आहे.

नाशिकच्या सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, सुरगाण्याची एसटी पकडा. वणी, बोरगाव करत जाते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत पावसाळ्यात धो धो कोसळतं आणि मार्चनंतर पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. दिवाळीनंतर निम्मी घरं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. २०२२ च्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरच्या काही गावांनी "सोयी देत नसाल तर आम्हाला गुजरातेत जाऊ द्या" अशी मागणी केली होती. नाशिक शहरापासून हे नव्वदेक किलोमीटरवर आहे. ज्याला आफ्रिकेतलं दारिद्र्य पाहायचंय त्यानं आधी ही बस पकडावी, असं मी जरा तिरकसपणे सांगते.

माझं पहिलं काम एका लहान संस्थेत होतं. पगारात महिना निघायचा, शिल्लक राहायची नाही. पहिल्याच उन्हाळ्यात मी एका पाड्यावर विहिरीची पाहणी करायला गेले. कागदावर विहीर पूर्ण, खोली बरोबर, कठडा बांधलेला. बैठकीत मी कागद वाचून दाखवला. मागे बसलेली एक बाई, कडेवर पोर, म्हणाली, "बाई, तुमच्या कागदात विहीर आहे. पाणी कुठं आहे?" सगळे हसले. मग ती मला हाताला धरून घेऊन गेली. विहीर चढावर होती. झरा खाली ओहोळात होता, बायका तिथेच डवरा खणून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. जागा निवडताना पुरुषांची बैठक झाली होती आणि चढावरची जागा रस्त्याच्या कडेची, यंत्र आणायला सोयीची होती. त्या दिवसापासून मी कुठल्याही देशात आधी पाणी भरणाऱ्या बाईमागे चालत जाते, आणि मग नकाशा उघडते.

या काळात तीन सवयी लावून घ्या. रोज संध्याकाळी दहा ओळी लिहा: कोण काय म्हणालं, काय मोजलं, काय चुकलं. पुढे मुलाखतीत हीच वही कामाला येते. दुसरं, आकडे स्वतः काढा. दुसऱ्यानं दिलेल्या तक्त्यावर कधी सही करू नका. तिसरं, सरकारी यंत्रणा समजून घ्या. ग्रामसेवक, आशाताई, पंचायत समितीतला शाखा अभियंता यांच्याशी काम कसं पुढे सरकवायचं हे ज्याला जमतं त्याला कुठल्याही देशातलं जिल्हा कार्यालय परकं वाटत नाही.

इथलं काम खालच्या दर्जाचं आहे असं वाटत असेल तर महाराष्ट्रातून आणि देशातून काय काय बाहेर गेलंय ते पाहा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं गावातल्या बाईला नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि घरी जाऊन बाळ-बाळंतिणीला भेटण्याची कल्पना जगभरच्या आरोग्य धोरणांत पोचली. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या शिक्षणातल्या संस्थेची, मुलाला इयत्तेप्रमाणे नव्हे तर त्याच्या वाचनपातळीप्रमाणे बसवायची पद्धत झांबियातल्या सरकारी शाळांत गेली. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात आफ्रिकेतल्या खेड्यांतल्या बायका सहा-सहा महिने राहून सौर दिवे जोडायला शिकून गेल्या, भारत सरकारच्या 'आयटेक' योजनेच्या खर्चानं. ती योजना १९६४ पासून चालू आहे.

सुरुवात करायला दारं आहेत. 'एसबीआय यूथ फॉर इंडिया' ही तेरा महिन्यांची फेलोशिप तुम्हाला खेड्यातच ठेवते. दोन वर्षांची गांधी फेलोशिप आहे, मुख्यमंत्री फेलोशिप आहे. 'बाएफ' या शेती-पशुपालनात काम करणाऱ्या संस्थेच्या परिवारातल्या संस्थांनी आदिवासी पट्ट्यात आंबा-काजूच्या वाड्या उभ्या केल्या, तिथे शेतीवाल्यांना शिकायला भरपूर आहे. संस्था निवडताना मोठ्या नावापेक्षा तुम्हाला आठवड्यातले किती दिवस गावात पाठवतील ते विचारा. पगार वेळेवर होतो का हेही विचारा, लाजू नका. २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात बदल झाला, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेनं दुसरीला परदेशी निधी देणं बंद झालं. अनेक लहान संस्थांचं कंबरडं तिथे मोडलं.

आणि एक संधी दारात आहे: २०२७ चा नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळा. तात्पुरती वस्ती, नळ, संडास, कचरा, हरवलेली माणसं, गर्दीतलं आरोग्य. निर्वासित छावणीत जे प्रश्न असतात त्यातले निम्मे रामकुंडाच्या आणि तपोवनाच्या परिसरात दिसतील. आपत्तीतल्या मदतीसाठी 'स्फीअर' नावाची आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, पुस्तिका फुकट मिळते. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं, नळ घरापासून ५०० मीटरच्या आत, रांगेत अर्ध्या तासाहून जास्त नाही, सुरुवातीच्या धांदलीनंतर वीस माणसांमागे एक संडास. आपल्या जलजीवन मिशनचं उद्दिष्ट माणशी ५५ लिटर आहे, म्हणजे १५ म्हणजे काय ते कळेल. पुस्तिका हातात घेऊन स्वयंसेवक म्हणून उभे राहा आणि मोजा. मुलाखतीत "मी पर्वणीच्या दिवशी अमुक घाटावर नळांमागे माणसं मोजली" असं सांगणारा उमेदवार मी तरी विसरणार नाही.

चौथी पायरी: शिक्षण, पण अनुभवानंतर

बारावीनंतर लगेच "इंटरनॅशनल डेव्हलपमेंट" शिकायला लंडन गाठणारी मुलं मला भेटतात. कर्ज मोठं आणि हातात अनुभव शून्य. क्रम उलटा करा. पाया म्हणून मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, तिचाच तुळजापूर परिसर, बेंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ या जागा चांगल्या आहेत. नोकरी सोडता येत नसेल तर नाशिकला गंगापूर धरणाजवळचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच. पदवी कुठली यावर इतकं अडू नका. परिचारिका, स्थापत्य अभियंता, कृषी पदवीधर यांना आपल्या विषयातच पुढे जाता येतं.

परदेशी पदव्युत्तर शिक्षण शिष्यवृत्तीवरच करा. ब्रिटनच्या चेव्हनिंगला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. जर्मनीच्या डीएएडीच्या विकासविषयक अभ्यासक्रमांनाही दोन वर्षांचा अनुभव लागतो. कॉमनवेल्थ आणि इरॅस्मस मुंडुस याही बघा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागाची आहे, आणि त्या विभागाचं आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. पेठ-सुरगाण्याच्या किती मुलांना हे माहीत आहे? अगदी थोड्या. तुम्हाला कुणी भेटलं तर सांगा.

पाचवी पायरी: भाषा आणि हत्यारं

इंग्रजी सफाईदार लिहिता यायला हवं. बोलणं अडखळलं तरी निभतं, अहवाल अडखळला तर नाही. दुसरी भाषा फ्रेंच घ्या. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले बरेच देश फ्रेंचमध्ये चालतात आणि तिथे जायला फ्रेंच येणारे भारतीय फार कमी असतात. 'बी-टू', म्हणजे मध्यमाच्या वरच्या पातळीपर्यंत नेलंत तर अर्जात लिहायला अर्थ आहे. "बॉनजूर" येत असेल तर नका लिहू. मोझांबिकसाठी पोर्तुगीज. स्वाहिली शिकायला गोड आहे, पण आमच्या वस्तीत ती फारशी उपयोगी पडली नाही. तिथे जुबा अरबी आणि बारी चालायच्या, आणि सगळी भिस्त दुभाष्यावर. दुभाष्याबरोबर काम करणं ही वेगळी कला आहे. वाक्य छोटं ठेवा, आणि नजर त्याच्याकडे नको, ज्याच्याशी बोलताय त्याच्याकडे हवी.

एक्सेल मनापासून शिका. मोबाइलवरून सर्वेक्षण करायचं 'कोबो टूलबॉक्स' आणि नकाशांसाठी 'क्यूजीआयएस' दोन्ही फुकट आहेत. युनिसेफचं 'अगोरा' हे प्रशिक्षणाचं संकेतस्थळ आणि संयुक्त राष्ट्रांचा 'बीसेफ' हा सुरक्षेचा छोटा अभ्यासक्रम, दोन्हीकडे शुल्क नाही. शिवाय गिअरची गाडी चालवता यायला हवी. पेठ रोडच्या आरटीओत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मिळतो, एक वर्ष चालतो.

सहावी पायरी: कागद

पासपोर्ट ६० पानांचा काढा. ३६ पानांचा १,५०० रुपयांत होतो, ६० पानांचा २,००० ला. पाचशे रुपयांसाठी पुढे पानं संपवून बसू नका. संपायला सहा महिन्यांहून कमी उरले की बरेच देश दारातूनच परत पाठवतात, म्हणून नूतनीकरण वेळेआधी करा. दहावीचं प्रमाणपत्र जोडलं की "इमिग्रेशन चेक"चा, म्हणजे काही देशांत नोकरीला जाताना सरकारी मंजुरी लागेल असं सांगणारा, शिक्का लागत नाही. पोलीस मंजुरीचा दाखला पासपोर्ट सेवेतूनच काढता येतो. पदवीच्या कागदांवर, देश कुठला यावर, परराष्ट्र मंत्रालयाचं 'अपोस्टिल' (कागद खरा असल्याचं प्रमाणन) लागू शकतं. त्याआधी राज्याचं साक्षांकन होतं, म्हणून महिना-दोन महिने हातात ठेवा. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना पाहा. वडिलांचं नाव मध्ये असलेलं आणि नसलेलं, हे आपल्या मराठी नावांचं कायमचं दुखणं.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस विसरू नका. युगांडासह आफ्रिकेतल्या अनेक देशांत या लशीच्या नोंदीची पिवळी पुस्तिका दाखवल्याशिवाय आत घेत नाहीत, आणि तिथून परतताना आपल्याकडेही ती मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते. आता एक डोस आयुष्यभरासाठी ग्राह्य धरतात, पण प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. ही दहा दिवसांची ओळ मी वाचलीच नव्हती. मुंबईला जाऊन लस घेतली, खुशीत परतले, आणि विमान सहाव्या दिवशी! तिकीट पुढे ढकलायचे पैसे माझ्या खिशातून गेले. आई म्हणाली, "दुसऱ्यांना शिकवायला निघालीस आणि स्वतः कागद वाचत नाहीस." तिचं बरोबर होतं.

हिवतापाची प्रतिबंधक गोळी डॉक्टरांना विचारून सुरू करा. पहिले दोन महिने घेऊन "मला काही होत नाही" म्हणून सोडणारे सगळे तिसऱ्या महिन्यात आडवे झालेले मी पाहिले आहेत.

सातवी पायरी: कुठलं दार ठोठवायचं

आधी बंद दारं. अमेरिकेचं पीस कोअर हे स्वयंसेवक दल फक्त अमेरिकी नागरिकांना आहे, जपानच्या जायका या सरकारी मदतसंस्थेची स्वयंसेवक योजना जपान्यांना. संयुक्त राष्ट्रांतल्या कनिष्ठ व्यावसायिक अधिकाऱ्यांच्या जागा बहुतांशी श्रीमंत देश आपल्या नागरिकांसाठी पैसे भरून निर्माण करतात. तरुण व्यावसायिकांच्या परीक्षेला कुठल्या देशांचे उमेदवार चालतील याची यादी दर वर्षी लागते, ती आधी पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते. जिनिव्हात घरभाडं कोण भरणार?

उघडी दारं अशी. संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक, म्हणजे यूएनव्ही. मुख्यालय जर्मनीत बॉनला. नाव स्वयंसेवक असलं तरी निर्वाह भत्ता, विमा, प्रवास मिळतो. १८ ते २६ वयासाठी युवा स्वयंसेवक आणि २७ च्या पुढे, किमान तीन वर्षांचा अनुभव असेल तर तज्ज्ञ स्वयंसेवक. घरबसल्या ऑनलाइन कामंही आहेत, संध्याकाळी दोन तास देऊन ओळख करून घेता येते. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'चं दिल्लीत कार्यालय आहे. त्यांना डॉक्टर-परिचारिकांइतकेच पाणी, वीज, गोदाम, हिशेब सांभाळणारे लागतात. बांगलादेशात फजले हसन आबेद यांनी १९७२ मध्ये सुरू केलेली 'ब्रॅक' ही संस्था युगांडा, टांझानिया, सिएरा लिओन, लायबेरियात काम करते. बचतगट आणि लहान कर्ज यात मुरलेल्या माणसाला तिथलं काम ओळखीचं वाटेल. नोकरीच्या जाहिरातींसाठी 'रिलीफवेब', 'डेव्हेक्स' आणि देशातल्या कामांसाठी 'डेव्हनेटजॉब्ज इंडिया' ही संकेतस्थळं.

आता कटू भाग. हे क्षेत्र सध्या आक्रसतं आहे. अमेरिकेनं मार्च २०२५ मध्ये यूएसएड या आपल्या परदेशी मदतीच्या संस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचं जाहीर केलं आणि १ जुलै २०२५ ला ती संस्था व्यवहारात संपली. ब्रिटननं मदतीचा वाटा २०२७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. माझे वीस-वीस वर्षं काम केलेले सहकारी आज अर्ज करत बसलेत. शिवाय परदेशी माणूस आणण्यापेक्षा स्थानिकाला जागा द्यावी हा विचारही जोर धरतो आहे, आणि तो योग्यच आहे. म्हणून "नोकरी सोडून वर्षभर फक्त अर्ज करीन" हा बेत करू नका. हातातलं काम चालू ठेवूनच अर्ज करा.

अर्जात "गावात जनजागृती केली" लिहू नका. त्यातून काहीच कळत नाही. असं लिहा: "पाच पाड्यांत पाणी समित्यांसोबत विहिरीची जागा बदलली, पाणी भरायचा वेळ आधी आणि नंतर मोजला, किती कमी झाला ते हे." मुलाखतीत "एखादा मतभेद कसा सोडवलात?" असले प्रश्न येतात. उत्तर चार टप्प्यांत द्या: प्रसंग काय, तुमच्यावर काय होतं, तुम्ही काय केलंत, काय झालं. आपण मराठी माणसं "आम्ही केलं" म्हणतो. ते समोरच्याला तुमचं काम लपवल्यासारखं वाटतं. तिथे "मी" म्हणा, जड गेलं तरी.

आणि फसवणूक. यूएन अर्जाला, मुलाखतीला, प्रशिक्षणाला, कशालाच पैसे घेत नाही. एकही रुपया नाही. शहरातल्या एका "सल्लागारा"नं माझ्या ओळखीतल्या मुलाकडून नोंदणी म्हणून मोठी रक्कम घेतली आणि निळ्या चिन्हाचं नेमणूकपत्र दिलं. त्यात विभागाच्या नावातच चूक होती.

आठवी पायरी: पैसा आणि घर

नोकरीसाठी बाहेर गेलात की बँकेला कळवून बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, करून घ्यायचं असतं. बहुतेक जण ते विसरतात. पीपीएफ खातं जाण्याआधी उघडलेलं असेल तर मुदतीपर्यंत चालू राहतं. अनिवासी झाल्यावर नवीन उघडता येत नाही. आईवडिलांचा आरोग्यविमा निघण्याआधी काढा. करार सहा महिने-वर्षाचे असतात, दोन करारांमध्ये रिकामे महिने येतात. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय पहिला करारही घेऊ नका. माझा एक करार निधी थांबल्यामुळे सोळा दिवसांच्या नोटिशीवर संपला होता. तेव्हा हीच शिल्लक कामाला आली.

घरच्यांशी बोलणं हे पैशाहून अवघड. "लग्नाचं काय" हा प्रश्न मुलींना पहिल्या दिवशी येतो, मुलांना तिसऱ्या वर्षी. बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी यूंबेत होते. गाडीनं अरुआ, तिथून कंपाला-एंटेबी, मग विमान, मुंबईहून टॅक्सी. दारात पोचेपर्यंत ते घरी येऊन पेपर वाचत बसले होते. "कशाला आलीस धावत?" म्हणाले. पण हात सोडला नाही. त्यानंतर मी लांब मुदतीचे करार घेतले नाहीत. सध्या तीन-चार आठवड्यांच्या सल्लागारीच्या फेऱ्या करते. पैसे कमी, पण आषाढात घरी असते. कुणी घरी नसताना दवाखान्यात कोण धावेल, हे नाव निघण्याआधी ठरवा. शेजारच्या काकांना नुसतं गृहीत धरू नका, विचारा.

बॅगेत काय

डोक्याला लावायचा टॉर्च, क्षार-साखरेची पाकिटं, कागदांच्या दोन प्रती वेगवेगळ्या पिशव्यांत, चपला नव्हे तर बूट, लहान कुकर, गोडा मसाला. चिवडा न्या, पण तो पहिल्याच आठवड्यात सहकारी संपवतील, तेव्हा जास्त न्या.

नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ मात्र नेऊ नका. मी पहिल्या खेपेला सुरगाण्याच्या एका मावशीनं दिलेलं दोन किलो नेलं होतं. अरुआच्या बाजारात गोणीत तेच लालसर दाणे दिसले. युगांडात त्याचा घट्ट गोळा करून रश्शाबरोबर खातात. विकणाऱ्या बाईला मी फोनवरचा भाकरीचा फोटो दाखवला आणि दुभाष्याकरवी सांगितलं, हे आमच्याकडचं धान्य आहे. ती खो खो हसली. नंतर वाचून कळलं की नागली मूळची इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ मुलखातलीच, हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आलेली. पुढच्या फेरीत ते मावशींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग तिथलं बियाणं का नाही आणलंस?" ते आणायला परवानगी लागते. नसत्या भानगडीत पडू नका.